पाकिटावरची दुसरी सही

रविवारची जेवणं उरकली तरी टेबलावरून कोणी उठेना, तेव्हाच धाकट्या सुनेनं ओळखलं की आज सुटका नाही. एरवी या घरात हात धुतले की ज्याची वाट त्याला मोकळी. सासरे नाना खुर्चीत डुलक्या काढायला, थोरले दीर पेपरात तोंड घालायला, धाकटीचा नवरा शाळेच्या वह्या तपासायला. आज मात्र सगळे ताटांसमोर हात वाळवत बसले होते आणि वन्संनी तर ताट सारून त्या जागी फाईल उघडली होती.

वन्सं म्हणजे थोरल्यांच्या पाठची बहीण. नोकरीच्या कायद्याच्या वकील, त्याही मालकांच्या बाजूच्या. बँकांनी, विमा कंपन्यांनी कुणाला काढलं की 'आम्ही बरोबरच काढलं' हे कोर्टाला पटवून द्यायचं काम त्यांचं. ज्या घरात बँकेच्या युनियनचा पहिला कागद लिहिला गेला, त्या घरची मुलगी पलीकडे जाऊन बसली म्हणून नानांनी दोन वर्षं त्यांच्याशी अबोला धरला होता. आता थोरल्या मुलाच्या नोकरीवर आल्यावर नानांनीच फोन करून त्यांना बोलावून घेतलं होतं.

"उद्या अकराला चौकशी," वन्सं म्हणाल्या. "दादा, तू काय बोलणार आहेस ते मला आज ऐकायचंय."

"काय बोलणार? पाकीट मी बंद केलं, जबाबदारी माझी." थोरल्यांनी पाण्याचा पेला उचलला. "एवढं बोलणार आणि खाली बसणार."

"चौकशीत उभं करतच नाहीत, खाली कुठून बसाल?" जाऊबाई म्हणाल्या. त्या थोरल्यांच्या बायको. त्यांच्या बोलण्याला धार होती, पण ती नेहमी नवऱ्याच्या काळजीवर घासलेली असायची. "तीन आठवडे झाले, हा माणूस घरात निलंबित होऊन बसलाय. परवा तर मटार सोलायला मागितले. सत्तावीस वर्षांच्या संसारात कधी मटारांना हात लावला नव्हता."

धाकटा, म्हणजे धाकटीचा नवरा, उगाच हसला. बाकी कोणी हसलं नाही. धाकटीनं ताटातलं एक शीत बोटानं इकडचं तिकडे केलं.

कोपऱ्यात लोखंडी कपाट उभं होतं. तीन आठवडे तेही बंद होतं, कारण त्याची किल्ली बँकेच्या ताब्यात होती, आरोपपत्राला जोडलेली, पुरावा क्रमांक एक. नाना निवृत्त झाले त्या वर्षी बँकेनं जुनं सामान भंगारात काढलं, तेव्हा हे कपाट त्यांनी हौसेनं विकत घेतलं होतं. चार हमाल जिन्यावरून ते वर आणताना रडकुंडीला आले होते. ज्या कारखान्यानं शाखेतल्या स्ट्राँगरूमचं दार बनवलं त्यानंच हे कपाट बनवलेलं, त्यामुळे किल्ल्याही बहिणी-बहिणी: तेवढीच लांब दांडी, तसंच गोल पितळी डोकं. जगातल्या दुसऱ्या कुठल्या घरात बँकेची किल्ली आणि घरची किल्ली यांची अदलाबदल झाली नसती. पण या घरानं बँक उचलून घरात आणून ठेवली होती, मग दुसरं काय होणार?

स्ट्राँगरूम उघडायला दोन किल्ल्या लागतात. एक मॅनेजरकडे, दुसरी कॅश ऑफिसरकडे, आणि कॅश ऑफिसर होती धाकटी. संपाच्या आदल्या संध्याकाळी ही दुसरी किल्ली पाकिटात घालायची, पाकीट चिकटवायचं, जोडावर किल्लीवाल्याची सही, तिच्याशेजारी युनियनच्या सरचिटणीसाची सही, आणि ते मॅनेजरच्या हातात द्यायचं, ही पद्धत नानांनी घालून दिलेली. "आपण हात मागे घेतो, किल्ली नाही," असं ते म्हणत. संपाच्या दिवशी कुणाला लॉकरमधले कागद लागले, दागिना लागला, तर मॅनेजरनं मुख्य कचेरीतला माणूस घेऊन दार उघडावं. संप बँकेशी आहे, लोकांशी नाही. चाळीस वर्षांत ती पद्धत एकदाही चुकली नव्हती.

या वेळी मॅनेजरनं दहा वाजता, मुख्य कचेरीतल्या दोन साहेबांसमोर पाकीट फाडलं आणि आतून निघाली घरच्या कपाटाची किल्ली. त्या किल्लीची राखीव प्रत ज्या शाखेत ठेवलेली, तिथलेही लोक संपावर. दार दिवसभर उघडलं नाही. बँकेनं याला नाव दिलं 'जाणूनबुजून अडवणूक आणि चेष्टा'. जोडावर सह्या दोघांच्या होत्या, पण पाकीट मीच बंद केलं असं थोरल्यांनी लिहून दिलं, म्हणून निलंबन एकट्या त्यांच्यावर आलं.

"मी त्यांच्या जागी असते तर हेच लिहिलं असतं," वन्सं म्हणाल्या. "संपात त्यांना कुठेच बोट ठेवता येत नव्हतं. नोटीस वेळेत दिलेली, मुदत पाळलेली, एक खुर्चीसुद्धा उलटी पडली नाही. काम थांबवणं हा तुमचा हक्क, पण कुलूप अडवणं हा संप नव्हे. तुम्ही त्यांच्या हातात आयतं कोलीत दिलंत."

"चुकून झालं ते," धाकटा म्हणाला.

"चुकून झालं हे मला माहीत आहे. कागदाला माहीत नाही."

नाना इतका वेळ डोळे मिटून होते. झोपले असावेत असं सगळ्यांना वाटत होतं, आणि असं वाटतं तेव्हा ते कधीच झोपलेले नसत. "सूनबाई," ते म्हणाले, "तुला कधी कळलं?"

धाकटीनं मान वर केली. नानांनी डोळे उघडले नव्हते.

"संध्याकाळी," तिचा नवरा पटकन म्हणाला. "घरी आल्यावर. मीच होतो समोर."

"मी तुला नाही विचारलं."

"संध्याकाळी, नाना," धाकटी म्हणाली.

नानांनी मान हलवली आणि धाकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोटं तिनं आधीही सांगितलं होतं, पण तेव्हा ते धावपळीत, चार माणसांच्या गलक्यात सांगितलं होतं. आज ते स्वच्छ टेबलावर ठेवल्यासारखं झालं. शिवाय नवऱ्यानं तिच्या आधी ते उचललं. वर्गात खोटं बोलणाऱ्या मुलांना तो बाकावर उभं करीत नसे, नुसतं बघत असे, आणि मुलं रडत. असा माणूस तिच्यासाठी बापाशी खोटं बोलला होता.

तिला कळलं होतं ते सकाळी आठला. नवऱ्याला शाळेत दाखवायला पदवीचा कागद हवा होता. तिनं जुडगा काढला, किल्ली कपाटाला लावली, आणि ती फिरेना. दोघांनी किल्ली उजेडात धरून पाहिली. "ही बँकेची तर नव्हे?" तो म्हणाला होता. "जाता जाता देऊन टाकते," असं म्हणून तिनं ती पर्समध्ये टाकली आणि निघाली. दहाला अजून पुष्कळ वेळ होता.

साडेनऊला ती शाखेसमोर पोचली तेव्हा सगळे फाटकाशी जमले होते. दोन महिन्यांपूर्वी ती क्लार्कची अधिकारी झाली तेव्हापासून काउंटरवरच्या बायका तिला 'साहेबीण' म्हणायला लागल्या होत्या. यंदा अधिकारीही संपात उतरणार म्हटल्यावर पैजा लागल्या होत्या की साहेबीण येते की दांडी मारते. ती दिसली आणि टाळ्या पडल्या. कुणीतरी तिच्या गळ्यात हात टाकला, कुणीतरी हातात फलक दिला. किल्ली द्यायची तर या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत फाटक ओलांडून आत जायला हवं होतं. ती आत गेली असती की संप मोडायला गेली, असंच झालं असतं. थोरल्यांना बाजूला घेऊन सांगता आलं असतं. मॅनेजरला फोन करून बाहेर बोलावता आलं असतं. तिनं काहीच केलं नाही. पाच मिनिटांनी सांगू, असं म्हणत तिनं अर्धा तास घालवला.

मग आतून बातमी आली की पाकिटात भलतीच किल्ली निघाली. आधी शांतता, मग जो हशा पिकला तो रस्त्याच्या टोकापर्यंत गेला. "काय वाघीण आहे!" कुणीतरी ओरडलं. ज्या बायका साहेबीण म्हणत होत्या त्यांनी तिला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. धाकटी म्हणाली, "अहो, चुकून झालं," आणि हसली. ते हसू तिला आता आठवलं की अंगावर पाल पडल्यासारखं होई. कारण ते खोटं नव्हतं. तिला मनापासून बरं वाटलं होतं.

आणि ते म्हातारे गृहस्थ. जुने कंपाउंडर, लॉकरमध्ये घराचे कागद, दुसऱ्या दिवशी कोर्टात तारीख. पायरीवर बसून होते. दर तासानं उठत आणि जो समोर येईल त्याला विचारत, "उघडलं का हो?" तिसऱ्या वेळी त्यांनी तिलाच विचारलं. पर्स तिच्या काखेत होती. "नाही हो आजोबा, आज संप आहे ना," ती म्हणाली होती. त्यांनी "हो का, हो का" असं म्हणून परत बूड टेकलं होतं.

"ऐका आता," वन्संच्या आवाजानं ती भानावर आली. "मी दोन्हीकडून विचार केलाय. दादा सरचिटणीस आहे. वाद लवादापुढे चालू असताना युनियनच्या संरक्षित माणसाला त्याच लवादाच्या लेखी परवानगीशिवाय काढता येत नाही. ती परवानगी मिळायला दीड वर्ष जाईल, तोवर दादा निवृत्त होईल. म्हणजे दादाच्या अंगावर चिलखत आहे."

"आणि हिच्या?" धाकट्यानं विचारलं.

"ती आता अधिकारी. कायद्याच्या लेखी ती कामगारच नाही. तिनं उद्या जाऊन 'चूक माझी' म्हटलं, तर पंधरा दिवसांत घरी बसवतील, आणि मला कितीही वाटलं तरी मी काही करू शकणार नाही."

"म्हणजे बढती मिळाली म्हणून पेढे वाटले, ते चिलखत उतरवल्याचे होते म्हणा की," जाऊबाई म्हणाल्या. "मला आधी राग होता, खोटं कशाला बोलू. हिनं करायचं आणि यांनी भरायचं, हा कुठला न्याय? पण यांना काही होणार नसेल, तर राहू दे. आपलेच दात, आपलेच ओठ."

"तेच मी म्हणतोय," धाकटा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. तीन आठवडे दोन घरं झालेलं ते एक घर असं पुन्हा जुळत आलेलं धाकटीला दिसत होतं. एक तिचं खोटं सोडलं तर सगळं नीट होतं.

"भाऊजी," ती म्हणाली, "तुम्ही सही करताना किल्ली बघितली नव्हती का?"

नियम तसा होता. दुसऱ्या सहीवाल्यानं आधी किल्ली बघायची, मग पाकीट चिकटवायचं, मग सही. हेही नानांनीच घातलेलं. थोरले ओशाळून हसले.

"इतरांची बघितली गं, सातही शाखांची. तुझं पाकीट तू चिकटवूनच आणलं होतंस. म्हटलं, घरच्या माणसाचं काय बघायचं?"

नानांनी आता डोळे उघडले आणि थोरल्यांकडे पाहिलं.

"ती चूक आता सोडा," वन्सं म्हणाल्या. "दादा, यंदाची यादी दे मला. संरक्षित लोकांची, आयुक्तांकडे दिल्याचा शिक्का असलेली. उद्या पहिल्यांदा तीच पुढे ठेवायची."

"ऑफिसात आहे."

"तुला तीन आठवडे ऑफिसात पाऊल टाकायला बंदी आहे. यादी कुणाकडे आहे?"

"अगं आहे कुठेतरी. उद्या सकाळी देतो ना."

"दादा."

"तुला काय, सगळं आजच पाहिजे!" थोरले उठून हात धुवायला गेले. हात कधीचे वाळले होते.

जाऊबाईंनी त्यांच्या पाठीकडे बघितलं. सत्तावीस वर्षांत त्या पाठीचं सगळं बोलणं त्यांना कळू लागलं होतं. त्या आतल्या खोलीत गेल्या आणि नवऱ्याची कातडी पिशवी घेऊन आल्या. तिच्यात डबा, छत्री आणि किरकोळ औषधं रोज त्याच भरत, त्यामुळे कुठल्या कप्प्यात काय हे त्यांना डोळे मिटून ठाऊक. मागच्या कप्प्यातून चार घड्यांचा कागद निघाला. त्यांनी तो स्वतः न वाचता नणंदेपुढे ठेवला.

वन्संनी वाचला. वर शिक्का होता, तारीख होती, खाली पाच नावं होती. त्यांनी एकेका नावावरून बोट खाली नेलं, आणि पाचव्या नावावर बोट थांबलं.

"हा कोण?"

मोरीच्या दारात थोरले टॉवेल घेऊन उभे होते. "शिपाई आहे. स्टेशनाजवळच्या शाखेत. मॅनेजर त्याच्या मागे हात धुऊन लागलाय."

"पाचच नावं देता येतात. सरचिटणीसाचं नाव दर वर्षी पहिलं असतं."

"माझे चौदा महिने राहिलेत. त्याला अजून वीस वर्षं काढायचीत. म्हटलं, माझ्या मागे कोण लागतंय आता?" त्यांनी टॉवेलाची घडी घातली, उलगडली, परत घातली. "एप्रिलात दिली यादी. तेव्हा किल्लीचं कुणाच्या स्वप्नात होतं?"

"म्हणजे तुमच्या अंगावर काहीच नाही," जाऊबाई म्हणाल्या. "आणि हे तुम्हाला आरोपपत्र आलं त्या दिवशीही ठाऊक होतं."

"हो."

"मला सांगितलंत, मला काही होत नाही म्हणून."

"तू रडत होतीस."

"मग आता काय हसतेय का मी?" त्या खाली बसल्या.

वन्संनी फाईल मिटली. आतापर्यंत त्या वकील होत्या. आता नुसत्या बहीण राहिल्या आणि एकदम म्हाताऱ्या झाल्यासारख्या दिसल्या. "बडतर्फ केलं तर निवृत्तिवेतनही जाईल, दादा," त्या हळू म्हणाल्या. "छत्तीस वर्षांचं."

"बघू. अगदी तसंच करतील असं नाही. एका चुकीला कोणी फाशी देत नाही."

चूक. सगळे अजून त्याला चूकच म्हणत होते. धाकटीला वाटलं, आपण उठून कपाटामागे जाऊन उभं राहावं, तिथल्या भिंतीतल्या फटीत शिरावं. नवऱ्यानं टेबलाखाली तिचा हात धरला आणि दाबला. गप्प राहा, असं तो हात म्हणत होता. तो प्रेमानंच म्हणत होता, तेच तिला सहन होईना. तिनं हात सोडवून घेतला.

"सकाळी आठला," ती म्हणाली.

कुणाला कळलं नाही.

"नाना, तुम्ही विचारलंत ना, कधी कळलं. सकाळी आठला कळलं. यांना कागद हवा होता, कपाट उघडेना, तेव्हाच आम्हा दोघांना कळलं. किल्ली घेऊन मी फाटकाशी आले होते. दिवसभर ती माझ्या पर्समध्ये होती."

थोरल्यांच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. "मी शेजारीच उभा होतो की तुझ्या," ते म्हणाले. "तासन् तास."

"हो."

"मग बोलली का नाहीस? विसरलीस?"

इथे 'हो' म्हटलं असतं तर अजूनही निभावलं असतं. थोरल्यांच्या आवाजात तशी विनंतीच होती. "विसरले नाही. आत गेले असते तर सगळे मला फितूर म्हणाले असते, म्हणून नाही गेले. आणि मग सगळे वाघीण म्हणायला लागले. मला ते आवडलं, भाऊजी. कधी कुणी म्हटलं नव्हतं मला तसं. ते कंपाउंडर आजोबा मला विचारत होते, उघडलं का, आणि मी त्यांना सांगत होते, संप आहे."

"देवा," जाऊबाई म्हणाल्या.

नाना बोलायला लागले तेव्हा आवाज मोठा नव्हता. "त्या गृहस्थांचं काय झालं?"

"माहीत नाही, नाना. विचारायला जायची छाती झाली नाही."

"चाळीस वर्षं," नाना म्हणाले, "बँकेनं आम्हाला काय काय म्हटलं. आळशी, दांडगे, देशद्रोही. पण लोकांचं अडवलं असं कधी म्हणता आलं नाही त्यांना." एवढं बोलून त्यांनी तोंड खिडकीकडे केलं. धाकटीला वाटलं होतं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"नाना, तिचा एकटीचा दोष नाही," धाकटा म्हणाला. "मलाही माहीत होतं."

"तू तर गुरुजी," नाना खिडकीकडे बघतच म्हणाले. धाकट्यानं मान खाली घातली.

धाकटी उठली. टेलिफोनखालच्या खणातून कोरे कागद, पेन, पाकीट आणि डिंकाची बाटली आणली. ताटं सरकवून जागा केली. वन्संनी खुर्ची जवळ ओढली. "थांब, मी सांगते कसं लिहायचं ते. काही शब्द टाळलेस तर निदान..."

"नको, वन्सं. तुम्ही सांगितलंत तर ते चांगलं होईल."

ती लिहीत बसली. आठ वाजता कळलं. साडेनऊला फाटकाशी पोचले. मॅनेजरना फोन करता आला असता, केला नाही. सरचिटणीसांना काहीही माहीत नव्हतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून सही केली. लॉकरसाठी आलेल्या वृद्ध गृहस्थांना मी स्वतः खोटं सांगितलं. 'गैरसमजातून' हा शब्द तिच्या पेनाच्या टोकाशी दोनदा आला, दोनदा तिनं तो परत पाठवला. शेवटी एका पानावर सगळं मावलं. तिला वाटलं होतं पुष्कळ लागेल.

"यानं मी सुटेन असं काही नाही," थोरले म्हणाले. "किल्ली न बघता सही केली ती केलीच. आणि तुझी नोकरी जाईल, हे ऐकलंस ना तू?"

"ऐकलं."

कागदाची घडी घालून तिनं पाकिटात सरकवली. सवयीनं हात पुढचं करत गेले: झाकणाला डिंक, बोटानं दाब, जोडावर आपली सही, थोडी तिरकी, बँकेत करते तशीच. मग पाकीट टेबलावरून थोरल्यांपुढे सरकवलं आणि पेन त्यावर ठेवलं.

"उद्या तुमच्या हातानंच द्या, भाऊजी. शेजारी तुमची सही लागेल."

थोरले येऊन खुर्चीवर बसले. त्यांनी पेन उचललं, टोपण काढलं, टोक पाकिटाला टेकवलं. मग थांबले. टोपण परत लावून त्यांनी पेन बाजूला ठेवलं.

डिंक अजून ओला होता. अंगठ्यानं झाकण अलगद उचललं तसं ते उघडलं. थोरल्यांनी कागद बाहेर काढला, खिशातला चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. धाकटी समोर उभी राहिली, त्यांचं वाचून होईपर्यंत.